परदेशी ट्रायथलॉन प्लॅन बडोद्यात वापरला त्याची गोष्ट, साडेतीन स्टार

सरळ सांगते. एका परदेशी अ‍ॅपचा "पहिली ट्रायथलॉन" (म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, एकापाठोपाठ सलग) असा प्लॅन मी एप्रिल २०२४ मध्ये घेतला, ४६ आठवड्यांचा, साडेसहा हजार रुपये एकदम भरले आणि नवऱ्याला साडेचार सांगितले. ४६ आठवडे वापरला. त्यातले निम्म्याहून जास्त आठवडे त्याने लिहिलेलं जसंच्या तसं झालं नाही, आणि तरीही फेब्रुवारीत ट्रायथलॉन पुरी झाली, त्यामुळे हा प्लॅन चांगला की वाईट हे मला स्वतःलाच बराच काळ ठरवता येत नव्हतं. आता ठरलंय म्हणून लिहायला बसले. अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये, तक्रारी बऱ्याच आहेत, आणि सायकलवाल्या ग्रुपमधल्या दोघांचे दोन वेगळ्या अ‍ॅपचे प्लॅन मी बघितले तर तेही थोड्याफार फरकाने असेच निघाले, म्हणजे हा सगळ्या जातीचाच रिव्ह्यू समजा.

माझं सांगायचं तर वय ४१, माहेर दांडिया बाजार, सासर अकोटा, अलकापुरीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते. खेळ म्हणजे शाळेत खोखो आणि नंतर वर्षातून नऊ रात्री गरबा, बस. आमच्या माहेरी काका जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, मल्लखांब वगैरे, पण ते सगळं पुरुषांच्या खात्यात, आम्ही आपले प्रसादाला. मग ऑफिसातला एक मुलगा गोव्याची हाफ आयर्नमॅन करून आला. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, वर २१.१ किमी पळणं, आणि सोमवारी साहेब ऑफिसचा जिना कठडा धरून, आजीसारखे आडवे होऊन उतरत होते. सगळे हसले. मला हेवा वाटला, का ते विचारू नका.

हाफ वगैरे माझ्या आवाक्यातलं नव्हतंच. त्याच्याखाली असते ती ऑलिंपिक अंतराची, १५०० मीटर पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी पळणं, म्हणजे २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तेव्हापासून तिथे जे अंतर असतं ते. प्लॅन म्हणाला, शून्यापासून इथपर्यंत नेतो. मी म्हटलं ने.

उघडल्यावर पहिलं इंप्रेशन एकदम भारी. आठवड्याला सहा दिवस, सोमवार सुट्टी, तीन आठवडे चढत जाणार आणि चौथा आठवडा उतरता, शरीराला सावरायला. रोजच्या वर्कआउटसमोर चार रकाने: किती वेळ, किती स्पीड, किती वॉट (म्हणजे सायकलच्या पायडलवर किती ताकद), आणि शेवटी एक साधा आकडा, एक ते दहा, किती जोर लागल्यासारखा वाटला पाहिजे. एक म्हणजे सोफ्यावर, दहा म्हणजे जीव जातोय. तेव्हा मला तो शेवटचा रकाना येड्यासारखा वाटला होता. पैसे भरून कोणी मला विचारणार की तुम्हाला कसं वाटतंय? हा रकाना लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तर एप्रिल. प्लॅनच्या तिसऱ्या आठवड्यात लिहिलेलं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ४० मिनिटं हलकं पळून या. बडोद्यात. एप्रिलमध्ये. दुपारी एकला. मी मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, जा, पण आधी मृत्युपत्र कर. खाली बारीक अक्षरांत सूचना होती की तापमान २५ अंशांच्या वर असेल तर काळजी घ्या, आणि आमच्याकडे मे महिन्यात पहाटे पाच वाजता, सूर्य उगवायच्या आधी, त्याहून जास्त असतं. म्हणजे प्लॅनच्या हिशेबाने बडोदेकरांनी मार्च ते जून घरातून निघायचंच नाही.

मग पहाटे पावणेपाचला उठणं आलं, कमाटीबागेच्या बाजूला पळणं आलं, आणि अ‍ॅपशी पहिलं भांडण आलं. त्याचं म्हणणं, तुमचे सुरुवातीचे सगळे रन झोन दोनमध्ये पाहिजेत, म्हणजे माझ्या वयाला नाडी साधारण १२५ च्या आत. मी नुसतं चालत्यासारखं पळले तरी घड्याळ दाखवायचं १५८. उन्हाळ्यात असं होतंच, रक्त कातडीकडे जातं शरीर थंड करायला, घामाने पाणी कमी होतं, मग त्याच स्पीडला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं, हे मला नंतर वाचून कळलं, अ‍ॅपने नाही सांगितलं. ते आपलं लाल रंगात "खूप वेगाने पळताय" दाखवत राहिलं आणि शेजारून सत्तरीचे काका मला ओव्हरटेक करून जायचे, वर "चालू द्या चालू द्या" म्हणायचे. दोन आठवडे रडतखडत गेले आणि मग खरंच फरक पडला, शरीर उन्हाला सरावायला साधारण दहा ते चौदा दिवस घेतं म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी बरोबर निघालं. पण तेव्हापासून मी नाडीचा आकडा बघणं सोडलं आणि त्या चौथ्या रकान्याकडे वळले. आज तीन लिहिलंय ना, मग तीनसारखं वाटलं पाहिजे, घड्याळ काही का बोंबलेना.

पोहण्याचं मात्र मानलं पाहिजे. लहानपणी आजोळी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली मी, मला बेडकासारखं पोहता यायचं, डोकं कायम वर, केस कोरडे. फ्रीस्टाइल म्हणजे पंचवीस मीटरला तीनदा पाणी पिऊन खोकत उभी. आमच्या पूलची लेडीज बॅच ४५ मिनिटांची, त्यात कपडे बदलणं आणि गप्पा धरून, आणि एका लेनमध्ये सात बायका, त्यातल्या चार जणी मध्येच उभ्या राहून लग्नाचं मेन्यू ठरवतायत. तिथले सर चांगले होते पण त्यांचं सगळं शिकवणं एका वाक्यात, "बेन, श्वास पाणीमां काढो, बहार तो खाली लेवानो." मला काही कळायचं नाही. प्लॅनमधल्या व्हिडिओत तेच सात तुकडे करून दाखवलंय: आधी भिंत धरून नुसते बुडबुडे, मग एका कुशीवर तरंगणं, मग एक हात पुढे ठेवून सहा किक, मग डोकं न उचलता फक्त मान वळवणं, अर्धा चष्मा पाण्यात राहिला पाहिजे वगैरे. आणि मग एक दिवस सरांचंच वाक्य डोक्यात उजाडलं. श्वास बाहेर घ्यायला वेळ मिळत नाही कारण मी सोडायचंही काम बाहेरच करत होते! पाण्यात असताना सोडून टाकलं की बाहेर फक्त घ्यायचाच उरतो. जुलैत सलग १०० मीटर, सप्टेंबरात ४००, डिसेंबरात पंचवीसच्या पूलमध्ये ६० लॅप न थांबता, म्हणजे झाले की १५०० मीटर. त्या दिवशी मी सरांना पेढे दिले. एवढ्या एका भागासाठी पाच पैकी पाच स्टार, यात माझं दुमत नाही.

आता ऑगस्ट.

बडोद्याच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या शहरातून विश्वामित्री नदी जाते आणि तिच्यात मगरी राहतात, एकदोन नाही, शेकडो, शहराच्या मधोमध, पुलावरून जाताना खाली ऊन खात पडलेल्या दिसतात. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पाऊस असा झाला की नदी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि शहरात शिरली. आमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, तीन दिवस लाइट नाही, खालच्या मजल्यावरचे सगळे आमच्याकडे वर, सासूबाई गॅसवर एकापाठोपाठ एक खिचडीचे कुकर लावतायत. अकोटा स्टेडियमकडच्या भागात एक मगर घराच्या छपरावर जाऊन बसलेली, तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल, ते आमच्यापासून लांब नाही. वन खात्याच्या लोकांनी तीन दिवसांत दोन डझन मगरी वस्तीतून उचलल्या. मोबाइल मी बंदच ठेवला होता, बॅटरी वाचवायला, दिवसातून एकदा पाच मिनिटं चालू करून माहेरी फोन करायचा. गुरुवारी चालू केला तर पहिली नोटिफिकेशन अ‍ॅपची. "तुमचं पोहणं राहिलं! आज पाण्यात उतरायला विसरू नका."

मी हसले की रडले ते आठवत नाही, पण नवऱ्याला दाखवलं तर तो खिडकीतून खाली पार्किंगकडे बघून म्हणाला, जा की, घरातच सोय झालीये.

गंमत सोडा, खरी तक्रार पुढे आहे. पुरानंतर चिखल काढण्यात, पूल बंद असण्यात, कामाला येणाऱ्या मावशींचं घरच वाहून गेलं त्यांच्या धावपळीत सोळा दिवस गेले, मध्ये ७ सप्टेंबरला गणपती बसले. अ‍ॅपमध्ये "आजारी होते" असं बटण आहे, "सुट्टीवर होते" असं आहे, "गावात पूर आला" असं नाही. सुट्टीवर दाबलं तर त्याने समजून घेतलं की मी समुद्रकिनारी मजेत ताजीतवानी होऊन आलेय आणि पुढचा आठवडा थेट चढता दिला. मी सपोर्टला मेल लिहिला, सगळं समजावून, मगरीसकट. उत्तर दोन दिवसांनी आलं, की तुमच्या "वादळी हवामाना"बद्दल वाईट वाटलं, अशा वेळी घरातल्या घरात ट्रेडमिलवर पळता येईल. ट्रेडमिल पहिल्या मजल्याच्या जिममध्ये, लाइट नाही, असो. दुसऱ्या मेलला आलेलं उत्तर पहिल्याचीच कॉपी होती, फक्त खालचं नाव वेगळं. सपोर्टला मी एक स्टार देते आणि तोही वाईट वाटलं लिहिल्याबद्दल.

मग मीच वहीत लिहून काढलं. राहिलेले आठवडे धरून पकडायला जायचं नाही, दोन आठवडे मागे जाऊन तिथून चढायचं. हे बरोबर होतं असं त्या ऑफिसातल्या मुलानेही सांगितलं, त्याच्या मते नवशिक्यांची दुखापत बहुतेक वेळा राहिलेलं भरून काढायच्या नादात होते. प्लॅन हे सांगत का नाही? कारण प्लॅनला वाटतं सगळ्यांचं वर्ष सरळ असतं.

आणि त्यानंतर लगेच नवरात्र. आता हे मला कोणीतरी समजावून सांगा. ३ ऑक्टोबरपासून रोज रात्री साडेनऊ ते साडेबारा गरबा, अनवाणी, तीन तास, मध्ये दहा मिनिटांचा ब्रेक. बडोद्यात राहून गरबा सोडणं जमणार नव्हतं, ट्रायथलॉन गेली उडत. पहिल्या रात्री मी घड्याळ घालून गेले, अ‍ॅपमध्ये "डान्स" नाही म्हणून "इतर" निवडलं. सरासरी नाडी १४१, तीन तास चार मिनिटं. दुसऱ्या रात्रीही तसंच. पाचव्या दिवशी अ‍ॅपने माझा सगळा आलेख लाल केला आणि ओव्हरट्रेनिंगचा इशारा दिला, "लगेच तीन दिवस पूर्ण विश्रांती घ्या". आठव्या दिवशी त्याने दुसऱ्याच पानावर मला अभिनंदन कळवलं की तुमचा फिटनेस आजवरच्या सगळ्यात वरच्या पातळीवर आहे. तो फिटनेसचा आकडा म्हणजे दुसरं काही नसतं, मागच्या ४२ दिवसांच्या कष्टाची सरासरी, तर एवढा गरबा त्यात पडल्यावर तो वर जाणारच. घड्याळाला काय माहीत की हा घाम अंबामातेच्या नावाने निघालाय. पण एक सांगते, पोटऱ्या आणि पावलं जी काही मजबूत झाली ती त्या नऊ रात्रींत, नंतर पळताना नडगीचं दुखणं जे मे महिन्यापासून होतं ते गेलंच. विज्ञान बिज्ञान मला माहीत नाही.

सायकलचं थोडं सांगते, तिथे माझे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात कमी मजा गेली. सेकंडहँड रोड सायकल घेतली २८ हजारांना, एका मुलाने दोन महिने वापरून टांगून ठेवलेली. प्लॅनमधले सायकलचे सगळे वर्कआउट वॉटमध्ये. त्यासाठी आधी टेस्ट द्यायची, वीस मिनिटं जीव तोडून चालवायची, जी सरासरी येईल त्याच्या ९५ टक्के म्हणजे तुमचा आकडा, मग त्याच्यावरून सगळे झोन. आणि वॉट मोजायचं यंत्र माझ्या अख्ख्या सायकलपेक्षा महाग! हे घेण्याआधीच्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही, घेणाऱ्यांनी नीट वाचा. इथेही तो चौथा रकानाच कामाला आला, सहा लिहिलंय म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, आठ म्हणजे हो किंवा नाही एवढंच. मी खरंच गाणं म्हणून बघायचे, सिंधरोटच्या रस्त्यावर, पहाटे, ऐकायला म्हशी.

"चढावर सहा वेळा" असंही येतं दर पंधरा दिवसांनी. बडोद्यात चढ? आमच्याकडे चढ म्हणजे फ्लायओव्हर. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी साडेतीन किलोमीटरचा झालाय तेव्हापासून आमच्यासारख्यांचा तोच हिमालय, पण त्याचाही चढ सुरू होईपर्यंत संपतो. खरा चढ पाहिजे तर पावागढ, पन्नासेक किलोमीटर लांब, माचीपर्यंतचा रस्ता. तिकडे मी एकदाच गेले नोव्हेंबरात ग्रुपबरोबर, वर पोचले तेव्हा बोलता पण येत नव्हतं आणि गाता पण येत नव्हतं, त्याला दहा म्हणतात हे कळलं.

डिसेंबरच्या शेवटी अजून एक प्रकार, जो कुठल्याच परदेशी प्लॅनमध्ये असणं शक्य नाही. उत्तरायण. १४ जानेवारीचे पतंग इथे डिसेंबरातच सुरू होतात आणि रस्त्यावर आडवा आलेला मांजा, त्यात नायलॉनचा, बंदी असून मिळतोच, गळा कापतो. दरवर्षी बातम्या येतात. स्कूटरवाले पुढे तारेची कमान लावतात, रोड सायकलला ती बसत नाही आणि आपण तर पुढे वाकून मान ताणून चाललेले असतो. म्हणून नाताळपासून वासी उत्तरायण (दुसरा दिवस, १५ जानेवारी) उलटून रस्ते साफ होईपर्यंत साडेतीन आठवडे मी रस्त्यावर सायकल काढलीच नाही. आणि नेमके हेच प्लॅनचे सगळ्यात जड आठवडे, अडीच-तीन तासांच्या लाँग राइड! शेवटी मागचं चाक अडकवून घरातच चालवायचा स्टँड घेतला, मॅग्नेटवाला, साडेनऊ हजार (घरी सहा सांगितले), आणि गॅलरीत पंखा लावून दोन दोन तास. सासूबाई तुळशीला पाणी घालायला यायच्या, बघायच्या, आणि म्हणायच्या, "एवढे पाय मारलेस तर एव्हाना पंढरपूरला पोचली असतीस गं." आईंचं हे वाक्य मला वर्षभरातल्या कुठल्याही मोटिवेशनल नोटिफिकेशनपेक्षा जास्त पुरलं. त्याच महिन्यात सायकलवरून उतरून लगेच पळायचे ते ब्रिक वर्कआउट होते, मी गॅलरीत सायकल, मग चप्पल शोधत असल्यासारखे बूट बदलून चार मजले उतरून सोसायटीत चकरा, पाय पहिली दहा मिनिटं लाकडाचे, वॉचमनला वाटलं घरात भांडण झालंय.

खाण्याचं पान मी एकदा उघडलं आणि बंद केलं. सामन मासा, ब्लूबेरी, किन्वा. आमच्या घरात श्रावण पाळतात आणि सामन हा मासा आहे हे समजावण्यातच माझी अर्धी संध्याकाळ गेली. पण त्यातला हिशेब उपयोगी निघाला: एक तासापेक्षा लांब व्यायाम असेल तर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. ते जेलचं पाकीट दीडशे रुपयांचं, चव घशाच्या औषधासारखी. मी सुखडी न्यायला लागले, कणीक तूप गूळ, छोटे चौकोन कापून सायकलच्या पिशवीत, सोबत खजूर, आणि बाटलीत ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या एक लिटरला एक याच हिशेबाने, अंदाजे अर्ध्या ग्लासात ओतायचं नाही, मी आधी तेच करायचे आणि तहान अजून वाढायची. सुखडीत तूप जास्त झालं तर पळताना पोटात जड होतं, म्हणून राइडला सुखडी आणि रनला खजूर. लाँग राइडनंतर सेवउसळ, तर्री जास्त. हे प्लॅनमध्ये नाही पण असायला हवं.

उघड्या पाण्याचा सराव हा शेवटचा घोळ. प्लॅन म्हणतो, शेवटच्या आठ आठवड्यांत चार वेळा जवळच्या तळ्यात किंवा नदीत पोहा. जवळची नदी! अजवाचा तलाव आहे, तिथेही मगरी. मी सपोर्टला परत मेल करायच्या भानगडीत पडले नाही. जानेवारीच्या शेवटी पुण्याला भावाकडे गेले, रेस पण तिकडेच एका धरणाच्या पाण्यावर होती, आणि तिथल्या एका ग्रुपबरोबर, बोट सोबत असलेल्या, दोनदा उतरले. पहिल्यांदा शंभर मीटरवर घाबरगुंडी. भिंत नाही, तळ दिसत नाही, पायाला काय लागलं म्हणून मी किंचाळले तर ते माझंच, टायमिंग चिपचं (रेसमध्ये वेळ मोजायला पायाला बांधतात ती), प्रॅक्टिसला बांधलेलं रबर होतं. पूलमध्ये दर पंचवीस मीटरला भिंतीला लाथ मारून आपण किती फुकट अंतर खातो ते तिथे कळतं. इथे प्लॅनचं एक पान पुन्हा देवासारखं आलं, सहा ते आठ हात मारले की एकदा मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोरची खूण बघायची आणि लगेच डोकं खाली. मगरीसारखे हा शब्द त्यांचाच, खोटं नाही सांगत.

अजून एक, प्लॅन तुम्हाला पहिल्या महिन्यापासून वेटसूट (थंड पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख) घ्या घ्या म्हणून लिंक पाठवत राहतो. घेऊ नका. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमात हौशी लोकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंशांचं किंवा त्याहून गरम असलं तर वेटसूट चालतच नाही, आणि आपल्याकडच्या रेसमध्ये पाणी बहुतेक त्याच्या वरच असतं. पंचवीस तीस हजार रुपये वाचले, एक भरजरी पैठणी येईल त्यात.

रेसचं फार लिहीत नाही. पोहायला ४६ मिनिटं, त्यात सुरुवातीला तीन मिनिटं मी सुरक्षेच्या कयाकला धरून लोंबकळत होते (धरायला चालतं, पुढे ओढून घेतलं तर नाही, हेही प्लॅनने सांगितलेलं). सायकलकडे पळत गेले आणि हात सायकलला लावणार एवढ्यात आठवलं, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, पेनल्टी बसते. शेजारची मुलगी विसरली, तिला थांबवलं अधिकाऱ्यांनी. सायकल एक तास अडतीस, पळणं एक तास अठरा, त्यात तीन किलोमीटर चालले. सगळं मिळून तीन तास ५१ मिनिटं. अ‍ॅपचा अंदाज होता तीन तास आठ. शेवटून अकरावी आले. नवरा, लेक आणि भाऊ पाण्याच्या टेबलापाशी उभे, लेक ओरडत होती "आई चाल नको, पळ", मी म्हटलं तूच पळ.

तर हिशेब. पोहण्याचे व्हिडिओ पाच स्टार, चढउताराची चार आठवड्यांची पद्धत पाच, नियमांची माहिती पाच, सायकलचा भाग दोन, खाण्याचा एक, सपोर्ट एक, उन्हाळा म्हणून जगात काही असतं याची जाण शून्य. गणिताने तीन सुद्धा होत नाहीत, साडेतीन मी त्या चौथ्या रकान्यासाठी देतेय. तो रकाना नसता तर जूनमध्येच सोडलं असतं. किती जोर वाटला पाहिजे हे एकदा अंगाला कळलं की बाकीचं तुम्ही आपल्या गावाप्रमाणे फिरवून घेऊ शकता, पहाटे करा, गॅलरीत करा, गरब्यात करा.

कोणी घ्यावा? ज्यांना पोहणं येत नाही आणि जवळ चांगला कोच नाही त्यांनी घ्यावा. ज्यांच्याकडे कोच आहे त्यांनी तेच पैसे कोचला द्यावेत, माणसाला पूर कळतो. घेतलात तर दोन गोष्टी करा: सुरू करायची तारीख अशी निवडा की शेवटचे जड आठवडे जानेवारीत येणार नाहीत, निदान गुजरातेत तरी, आणि पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ऑटो रिन्यूअल बंद करा, तो पर्याय चार पानं आत लपवलाय. मी विसरले. काल परत साडेसहा हजार कापले गेले, परत मिळवण्यासाठी मेल टाकलाय, दोन दिवसांत वाईट वाटल्याचं उत्तर येईलच. तोवर आज सकाळी नवीन वर्षाचा पहिला वर्कआउट आलाय, दुपारच्या सुट्टीत ४० मिनिटं हलकं पळून या. आज २८ मार्च आहे आणि माझं अजून जीएसटीचं रिकन्सिलिएशन बाकी आहे.